चाफ्याकडचा साप

आमोणे, डिचोली
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

गौरेश,

“नोंद नाही” असं तू लिहिलंस. कोणाची नोंद नाही? माझी? सतरा वर्षं त्या कातळसड्यावरच्या विद्यापीठाच्या चौदा इमारतींतला एक गळका नळ मी सोडला नाही, आणि तू चार पानांच्या अहवालात लिहितोस की सफाई पर्यवेक्षिका देवकी माजीक हिने मुलींच्या वसतिगृहातल्या गिझरची तक्रार नोंदवली नाही, म्हणून कामगार रुक्मिणी हिला विजेचा धक्का बसला. बदलीच्या हुकमाबरोबर तो अहवाल मला चिकटवून दिला. शिवदासाने वाचून दाखवला. मी तिसरी शिकले, वाचता मलाही येतं, पण तुझ्या ऑफिसातलं मराठी वाचायला चष्म्याबरोबर धीर लागतो आणि तो माझ्याकडे नाही. वाचताना शिवदास दोनदा थांबला. नवऱ्याला बायकोबद्दल असलं वाचायला लागलं, ही तुझी कृपा.

तुला फोन केले. तीन दिवस उचलला नाहीस, चौथ्या दिवसापासून वाजतच नाही. माझा नंबर बंद केलास. सख्ख्या काकाची मुलगी मी. पेडण्याच्या घरामागच्या भाटात, आंब्याफणसांच्या बागेत, तुला कमरेवर घेऊन फिरवला ती बहीण. म्हणून हे पत्र, आणि हे तुझ्या घरी नेऊन देणार नाही. तुमच्या आवक खिडकीवर देईन, शिक्का मारून घेईन, नंबर घालून घेईन. शिक्का पडलेल्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं हे मला तूच एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस.

आता ऐक. २८ जून, शनिवार. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरची न्हाणी. नळाला बोट लावलं की कोपरापर्यंत झिणझिण्या. मी माझ्या वहीत घातलं. वहीची माझी रीत तुला ठाऊक आहे. नळ गळला की थेंब काढते, दिवा गेला की सूर्य, कुलूप बिघडलं की चावी, आणि वीज चावली की साप. पुढे जागेचं नाव आणि तारीख. दर शनिवारी संध्याकाळी ती वही साहेबाच्या मेजावर जाते आणि साहेब खाली सही करतो. गेली सहा वर्षं तो साहेब तू. त्या शनिवारीही सही केलीस, उभ्याउभ्या, चहाचा कप दुसऱ्या हातात धरून. सोमवारी तुझा माणूस आला, म्हणाला, वही द्या, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये जाणार. मी दिली. एक जुलैला तुमचं सॉफ्टवेअर सुरू झालं. चौदा जुलैला रुक्मिणी त्या नळाला चिकटली.

मग माझा साप गेला खंय?

मला आता मागच्या गेटकडे पाला झाडायला ठेवलंय. चाळीस बायकांची मुकादम मी. गेटवरचा शिपाई विचारतो, ताय, आज किती टोपल्या? मस्करीत विचारतो, पण विचारतो. पाला झाडायची मला लाज नाही, जन्मभर झाडतच आले. पण त्या बायका माझ्याकडे बघायच्या बंद झाल्यात. त्यांना वाटतं तायने साप बघितला आणि गप्प बसली.

ती ओळ काढ. वही परत दे. गणपतीच्या चवथीच्या आधी उत्तर पाहिजे.

देवकी

*

डिचोली
१९ ऑगस्ट २०२५

ती. देवकीताय,

तुझे पत्र मिळाले. आवक क्रमांकासह मिळाले, त्यामुळे माझ्या आधी ते तीन कारकुनांनी वाचले. पुढच्या वेळी काही लिहायचे असेल तर कृपा करून घरी दे. आईकडे दिलेस तरी चालेल.

मी कोणावर दोष ठेवलेला नाही. अहवाल हा माझा विचार नसतो, नोंदी काय सांगतात ते मी लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये मुलींच्या वसतिगृहाच्या गिझरची एकही तक्रार नाही. जूनअखेरची गिझरची एकच तक्रार आहे, ती अतिथिगृहाची. सगुण वायरमन तिथे २ जुलैला गेला, तपासले, ठीक होते, त्याने तक्रार बंद केली. यापलीकडे मी काय लिहावे?

हे सॉफ्टवेअर मी हौसेने आणलेले नाही. चौदा इमारती, अकराशे खोल्या, आणि कुठे काय बिघडले आहे ते एका बाईच्या वहीत. वरून प्रश्न आला की ती बाई आजारी पडली तर विद्यापीठ कसे चालेल? तीन कंपन्यांची प्रात्यक्षिके झाली, समर्थनाचे टिपण मी लिहिले, समितीने मान्य केले. हेच का निवडले, त्याचीही कारणे टिपणात आहेत. फोटो जोडल्याशिवाय यात तक्रार पुढे जात नाही. एकदा घातलेली नोंद पुसता येत नाही. कोणी, कधी, काय उघडून पाहिले तेही कायम राहते. उद्या कोणी म्हणू शकणार नाही की मला माहीत नव्हते. वहीत हे होते का, तूच सांग.

वही जुन्या कागदांबरोबर गेली असावी. शोधायला सांगितले आहे, सापडलेली नाही.

चवथीला घरी येशील तेव्हा हा विषय नको. आईचा रक्तदाब वाढतो. देवासमोर आपण भाऊबहीण.

तुझा,
गौरेश

*

आमोणे
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

गौरेश,

हेही पत्र खिडकीवरच दिलंय. कारकून वाचतात तर वाचू दे. त्यांना कळू दे की साहेबाला बहीण आहे.

चवथीला आले, काकीसाठी, तुझ्या आईसाठी, गप्प राहिले. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली तू माझ्या समोर उभा, हातात टाळ, आणि डोळे सगळा वेळ माटोळीच्या नारळांवर. तीन आरत्यांत एकदा माझ्याकडे बघितलं नाहीस. मग बायकोच्या हातून मला नेवऱ्यांचा, करंज्यांचा डबा पाठवलास. तो डबा मी काकीच्या मांडीवर ठेवून आले. विचारलं असेल तिने तुला. काय सांगितलंस?

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, तीनदा. अतिथिगृहाच्या गिझरचं मला कशाला ऐकवतोस? तिथे मी जन्मात साप काढला नाही. तिथला गिझर नवा, पाहुणे येतात तेव्हाच चालू होतो. मी विचारते वसतिगृहाचं, तू सांगतोस पाहुण्यांचं. ही तुझी लहानपणापासूनची खोड. आंबे कोणी काढले विचारलं की फणस पिकलाय म्हणायचास.

समर्थन म्हणतोस ना, मग ते टिपणही मी बघितलंय. बायकांना डोळे नाहीत असं तुला वाटतं. त्यात लिहिलंय, “कर्मचाऱ्यांशी सविस्तर सल्लामसलत करण्यात आली.” त्याला जोडलेल्या कागदावर माझी सही. ती सही मी कशावर केली ते तुला आठवतं? फेब्रुवारीत तीन कंपन्या मोठ्या खोलीत आल्या तेव्हा मला बोलावलंस. बसायला कदेल भिंतीकडे ठेवलंस. हजेरीचा कागद फिरला, त्यावर सही केली. दिवसभरात मला एकच प्रश्न विचारला गेला, बाई, रोज साधारण किती तक्रारी? मी सांगितलं, पावसात पन्नास, एरवी वीस. झाली तुझी सल्लामसलत.

पण मीही एक प्रश्न विचारला होता. तिन्ही कंपन्यांना तोच. आमच्या बायका इमारतीला जे नाव घेतात ते तुमच्यात चालेल काय? पहिली कंपनी हसली. दुसरीची दोन पोरं म्हणाली, ताय, आम्ही आठवडाभर तुमच्याबरोबर फिरतो, तुम्ही जे म्हणता ते सगळं उतरवून घेतो. तिसरा टायवाला म्हणाला, इमारतींना नंबर असतील, नावाची गरज नाही, आणि मग त्याने भिंतीवर त्या रंगीत चकल्या दाखवल्या. अर्धी हिरवी, पाव लाल. तुझा चेहरा मी बघत होते. चकल्या बघून तुझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. घेतलंस तेच.

आणि चिंध्या. साप काढलेल्या जागेच्या कडीला मी लाल चिंधी बांधायची, वायरमन येऊन जाईपर्यंत. तीही तुला विद्रूप दिसली. तीस जूनला परिपत्रक काढलंस, चिंध्या नि चिठ्ठ्या काढून टाका, आता सॉफ्टवेअर सांगेल. त्याच दुपारी मी स्वतः चौदा इमारती फिरून चिंध्या सोडल्या. बाल्दीभर निघाल्या.

वहीतलं कोणी चढवलं तेही मला कळलंय. ती सेजल, सावंतवाडीची, गेल्या मे महिन्यात लागलेली. तिने माझा साप मुद्दाम गाळला. तिला मी एकदा ओल्या लादीवरून चपला घालून चालली म्हणून सगळ्यांसमोर बोलले होते, तो राग काढला. तुझ्यानंतर तिचा नंबर. दोघांनाही मी सोडणार नाही.

रुक्मिणी वाळपईला भावाकडे आहे. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. भाताचा घास आमटीत बुडतो आणि बोटांतून सुटतो. मला शिवदासाने सांगितलं. मी अजून गेले नाही. ती ओळ निघाल्यावर जाईन, मान वर करून जाईन.

उत्तर आठ दिवसांत.

देवकी

*

डिचोली
१२ सप्टेंबर २०२५

देवकीताय,

हे पत्र शिक्क्याशिवाय पाठवतो आहे, आणि ते कोणाला दाखवावे की नाही हे वाचल्यावर तूच ठरव.

तू सांगतेस की २८ जूनला साप काढलास. समज, काढलास. रुक्मिणी चिकटली १४ जुलैला. मधले सोळा दिवस तू काय करत होतीस, ताय?

तक्रारी सॉफ्टवेअरमध्ये घालायला तुला मोबाइल दिला होता. तो तुझ्या कपाटाच्या खणात सापडला, साबणाच्या वड्यांखाली, खोक्यातून न काढलेला. तू रोज त्या वसतिगृहावरून जात होतीस. वायरमन तिकडे फिरकला नाही हे तुझ्या नजरेतून सुटले असेल यावर माझा विश्वास नाही. विद्यापीठात दुसऱ्या कोणाच्या नजरेतून सुटेल, तुझ्या नाही. मग तू मला का सांगितले नाहीस? तेव्हा तुझा फोन चालू होता आणि माझाही.

हॉस्पिटलात रुक्मिणीचा जबाब मी घेतला. त्यात दोन वाक्ये आहेत ती मी अहवालात घातली नाहीत. ती म्हणाली, “दहा तारखेक मी तायक सांगलां, नळ अजून चावता. ताय म्हणाली, बघूया यंत्र काय करता.” ही वाक्ये माझ्याकडे आहेत. माझ्या मेजाच्या खणात आहेत, फायलीत नाहीत. का नाहीत याचा विचार कर.

तुला वाटते मी तुला बुडवले. मी तुला जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवली. हलगर्जी लिहिले, जाणूनबुजून लिहिले नाही.

आता माझे ऐक. तुझी दोन्ही पत्रे मागे घे. दिवाळीनंतर ठेकेदाराचे लोक येणार आहेत, त्यांच्यावर देखरेखीला मुकादम लागेल, मी तुझे नाव देतो. वसतिगृह, अतिथिगृह, वाचनालय, सगळे पुन्हा तुझ्याकडे. आपल्या घरातली गोष्ट घरात राहील. पत्रे मागे घेतली नाहीस तर ती दोन वाक्ये मला फायलीत घालावी लागतील.

गौरेश

*

आमोणे
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

गौरेश,

जवळजवळ महिना मी लिहिलं नाही. तुला वाटलं असेल बाई घाबरली. घाबरले. खोटं कशाला बोलू. तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस मला अन्न गेलं नाही. शिवदासाने विचारलं काय झालं, मी म्हटलं पित्त. मग तुझी पोईच्या पावाला लोणी लावून दिलेली मुकादमकीही तोंडात घोळवून बघितली. चाळीस बायका, हातात चाव्या. होय म्हणायला आलं होतं. परत जायचं म्हणजे रुक्मिणी नसलेल्या बायकांच्या रांगेसमोर उभं राहून हजेरी घ्यायची. ते घशाखाली उतरलं नाही.

मग दसऱ्याला दुपारी दारात सेजल.

मी तिला आत घेणार नव्हते. उंबऱ्यावरच विचारलं, साहेबाने पाठवली काय? ती म्हणाली, नाही, त्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि पाया पडली, आणि पानांखाली दुमडलेला एक कागद. उघडला तर माझी वही. माझ्या वहीचं शेवटचं पान, छापलेलं. थेंब, थेंब, सूर्य, चावी, आणि खाली साप. वळणं काढताना पेन अडकलं होतं म्हणून शेपटीवर डाग, तोही तसाच. पुढे माझ्या हातचं, “चाफ्याकडचं, वर, न्हाणी. २८ जून.” आणि त्याखाली तुझी सही.

पोर सांगत होती आणि मधे मधे नाक पुसत होती. तुमचं सॉफ्टवेअर फोटोशिवाय पुढे जात नाही, म्हणून तिने माझ्या प्रत्येक पानाचा फोटो काढून प्रत्येक तक्रारीला लावला. तीनशे बारा तक्रारी, एका दिवसात. उद्या सकाळी उद्घाटन आणि तू दर तासाला विचारायला यायचास, किती राहिल्या. बाकी नावं तिने बायकांना विचारून लावली. चाफ्याकडचं विचारायला बायका नव्हत्या, सुटून गेल्या होत्या. तिने जनेलातून बघितलं तर एकच चाफा, अतिथिगृहासमोरचा. तरी तिला वाटलं विचारावं. तुझ्या मेजाकडे आली आणि विचारलं, सर, चाफ्याकडचं म्हणजे कुठलं? तू मान वर न करता म्हणालास, “चाफा दिसतो ना? मग तेच.”

तिने तेच घातलं. सगुण तिकडे गेला, गिझर बरा, तक्रार बंद. तुझी चकली हिरवी झाली.

सेजलला चाफा माहीत नव्हता, ती कालची. तिच्याबद्दल मागच्या पत्रात लिहिलं ते मी मागे घेते. पण तुला चाफा माहीत नव्हता काय, गौरेश?

तू साहेब होऊन आलास त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. रस्ता रुंद करायचा म्हणून वसतिगृहाकडचा जुना चाफा पाडायचा होता. एक माणूस कुऱ्हाड लावीना. राखणदाराचं झाड, गाऱ्हाणं घातल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. तू नवा साहेब, शिकलेला, लोकांसमोर तुला ते करायचं नव्हतं. संध्याकाळी माझ्याकडे आलास. ताय, तू घाल गाऱ्हाणं, कोणाला कळायला नको. मी घातलं. नारळ तुझ्या हातात होता. पायातले बूट काढून उभा होतास. आणि गाऱ्हाण्यात जागेचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. मी म्हटलं, बा राखणदारा, ह्या चाफ्याकडच्या चेडवांच्या घराची जी राखण तू केलीस, ती चाफा गेला तरी अशीच कर, आणि काय चुकलं तर हा गौरेश परब समोर उभा आसा, त्याका सांभाळून घे. आणि तू म्हणालास, होय महाराजा. तुझ्या तोंडाने म्हणालास. झाड गेलं, पण बायकांनी नाव सोडलं नाही, मुलींच्या वसतिगृहाला अजून चाफ्याकडचंच म्हणतात. अतिथिगृहासमोरचा चाफा तू त्याच वर्षी फोटोपुरता लावलास, त्याला कोणी चाफा म्हणतसुद्धा नाही, कुंडीतलं झाड म्हणतात.

तेव्हा माहीत नव्हतं हे तुझं चालायचं नाही. घाईत होतास, मान वर केली नाहीस, इथवर मी समजू शकते. घाई मलाही होते. पण पुढचं ऐक. सेजलने अजून एक कागद दाखवला. त्या तक्रारीला कोणी कधी उघडून बघितलं त्याची यादी. तूच मोठेपणाने लिहिलं होतंस ना, तेही कायम राहतं म्हणून. “१५ जुलै, सकाळी ९ वाजून १० मिनिटे, गौरेश परब.” रुक्मिणी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू ते पान उघडलंस. साप बघितलास, चाफा बघितलास, स्वतःची सही बघितलीस. आणि तीन दिवसांनी बसून लिहिलंस, नोंद नाही. वही हरवली म्हणालास, कारण वही हरवता येते. हे हरवता येत नाही. तुझ्या समर्थनाच्या टिपणातला हा एक मुद्दा खरा निघाला.

आता माझी गोष्ट, म्हणजे तुला खणात काही ठेवायला नको.

ती दोन्ही वाक्यं खरी आहेत. दहा जुलैला रुक्मिणी म्हणाली, नळ अजून चावतो. मला ठाऊक होतं सगुण आलेला नाही. मला कळायला एक नजर पुरे. मी चिंधी बांधू शकत होते. चिंध्या खणातच होत्या, तुझ्या त्या मोबाइलच्या शेजारी. बांधली नाही. मनात म्हटलं, बिघडू दे. मोठा गाजावाजा करून आणलंय ना, बघूया आता त्यांचं यंत्र काय करतं. कोणी साहेब, कोणी पाहुणा तिथे झटका खाईल, मग येतील देवकीला शोधत. मला तुझं नाक कापायचं होतं. आणि चौदा तारखेला तुझ्या सॉफ्टवेअरने यादी काढली, वरच्या मजल्याच्या न्हाण्या धुवा, नाव रुक्मिणी. ती बाल्दी घेऊन गेली. मी तिला जाताना बघितलं. आज वरच्या मजल्यावर जाते हे मला कळलं, आणि मी जिन्याखाली उभी राहून दुसऱ्या बाईशी झाडूंबद्दल भांडत होते.

गेल्या रविवारी मी वाळपईला गेले. ओळ निघायची वाट बघितली नाही. मान वर करून जायचं म्हटलं होतं तेही झालं नाही. रुक्मिणीला सगळं सांगितलं, चिंधीचंसुद्धा. डाव्या हाताने चहा दिला, निम्मा बशीत सांडला. मग म्हणाली, “ताय, म्हाका अक्षर कळना. चिंधी कळता.” एवढंच. मग भावाने मला बसस्टँडवर सोडलं.

म्हणून हेही पत्र खिडकीवर देऊन तुझी ती दोन वाक्यं मी स्वतःच फायलीत घालते. आता उरलं तुझं. तुझ्या नावाचं पान मी उघडलंय आणि ते मी बंद करणार नाही.

दिवाळीनंतरची मुकादमकी तुझ्याकडेच ठेव. पाला झाडायला मी बरी. मला काय पाहिजे ते नीट वाच. शुक्रवारी, १७ तारखेला समितीची बैठक आहे, हेच सॉफ्टवेअर आणखी दोन कॉलेजांना घ्यायचं म्हणून. त्याच्याही समर्थनाचं टिपण तूच लिहिलंयस, आणि त्यात लिहिलंयस की पहिल्या तीन महिन्यांत एकही तक्रार चुकीच्या जागी गेली नाही. त्या बैठकीआधी तुझ्या अहवालातली माझ्या नावाची ओळ काढायची. त्या जागी लिहायचं की नोंद होती, सही गौरेश परब याची होती, जागा गौरेश परबाने चुकीची सांगितली, आणि १५ जुलैला त्याला ते कळलं होतं. त्याखाली माझंही लिही, देवकी माजीक हिने दहा जुलैला कळूनही चिंधी बांधली नाही. दोन्ही ओळी एका पानावर पाहिजेत. एक असेल नि दुसरी नसेल तर मी घेणार नाही.

हे तुझ्या हातचं पाहिजे. छापलेलं नको, तोंडी नको, काकीच्या मार्फत तर नकोच. काकीला मी सांगितलंय. ती रडली, आणि मग म्हणाली, नारळ त्याच्या हातात होता काय? मी म्हटलं, होय.

उत्तर आलं नाही तर शुक्रवारी सकाळी बैठक बसायच्या आधी तुझ्या दाराच्या कडीला लाल चिंधी असेल. बायकांनाही मी चिंधीचं सांगितलंय, तरी चाळीसपैकी एकतीस येतो म्हणाल्यात. जिथे चाफा होता तिथे आम्ही नारळ ठेवू आणि मी गाऱ्हाणं घालीन, आधी माझं नाव घेऊन आणि मग तुझं, मोठ्याने, समितीची जनेलं उघडी असतील तेव्हा. चिंधी वाचायला त्यांना सॉफ्टवेअर लागणार नाही, आमच्या बायका सांगतील. वहीच्या पानाचे आठ कागद मी डिचोलीच्या बाजारात काढून घेतलेत, समितीच्या माणसागणिक एक.

सेजलला हात लावलास तर नववा कागद कुठे जाईल ते मी इथे लिहीत नाही.

फोन करू नकोस. आता मी तुझा नंबर बंद केलाय. गुरुवार, १६ ऑक्टोबर. आवक खिडकी पाचला बंद होते. साडेचारपासून मी तिथे उभी असेन, तुझा कागद घ्यायला. येतोय की नाही?

देवकी शिवदास माजीक